बावीस जोड गमबूट

दर जुलैत, नदी उतरणीला लागली की
इकितोसहून होडी येते
आणि होडीतून शिक्षक उतरतात.
या खेपेला बावीस.
त्यातला एक कुठल्याशा बर्फाच्या गावचा,
गावाचं नाव तीनदा विचारलं
तरी माझ्या जिभेवर ते बसेना.

मी ओल्मेदो तापुयो. शिक्षण चौथी, तेही अर्धं.
माझं काम एवढंच :
प्रत्येकाच्या मापाचा गमबूट शोधायचा
आणि अंधार पडायच्या आत
बावीसचे बावीस परत आलेत ना, ते मोजायचं.

माणसं गुणी. रांगेत चालतात,
कोणी सांगितलेलं नसताना.
आणि काही विचारायचं असलं
की आधी हात वर करतात.
इथे, जिथे माकडंसुद्धा
एकमेकांचं बोलणं तोडतात.

ग्रेटाबाईंनी असाच हात वर केला
तो नेमका टेकला तांगारानाच्या खोडाला.
पोकळ खोड, आत मुंग्यांचं नांदतं गाव.
"हात खाली, बाई!" मी ओरडलो,
पण गाव तोवर बाहेर आलं होतं.

रात्री माझी सासू, दोन्या एर्लिंदा,
त्यांच्या बोटांना कोपायबाचं तेल चोळत होती.
मी म्हटलं, आजोबा सांगायचे,
पूर्वी चोराला या झाडाला बांधत.
बाईंनी विचारलं, "आणि तुम्हाला?"
का विचारलं कोण जाणे. शिक्षकांना वास येतो.

मला मका.
मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून, हात वर,
प्रोफेसोर अदाउतोंच्या वर्गात,
खिडकीबाहेर बघतो म्हणून.
बाहेर पाउकार घरटं विणत होता,
रोज थोडं लांब, मोज्यासारखं लोंबतं.
सात दिवस बघायचं ठरवलं होतं मी.
पाचव्या दिवशी मका मिळाला.
दोन दिवस अजून राहिलेत.

कंदिलाभोवती कोणी बोललं नाही.
बर्फाच्या गावच्या मास्तरांनी
चष्मा पुसला, परत पुसला.
हवेत इतका ओलावा की
पुसण्याचा काही उपयोग नसतो.

शेवटच्या आदल्या दिवशी झाडांच्या शेंड्यांवरचा दोरपूल.
कवायतीचे शिक्षक रांगत आले.
ग्रेटाबाई मधोमध थांबल्या, पूल हलू दिला.
खालून कुठून तरी शीळ आली,
दोन लांब, एक तुटकी.
एकवीस वह्या उघडल्या. (एक वही नदीत गेली होती.)
"कुठला पक्षी?"

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं.
एक्केचाळीस वर्षं या झाडांखाली काढून
ही शीळ मी ओळखत नव्हतो.
गुडघ्यांना आधी कळलं, मग मला.
"माहीत नाही," मी म्हणालो.

पेन्सिली चालल्या.
सगळ्यांनी लिहून घेतलं : माहीत नाही.
मागून एका बाईंनी हळूच विचारलं,
शीळ दोनदा लांब होती की तीनदा?
आणि आम्ही तेवीस जण
तोंडं बंद करून
ती परत यायची वाट बघत बसलो.
आली नाही. पाऊस मात्र आला.

आज होडी गेली.
गावच्या शाळेसाठी खडूची खोकी ठेवून गेलेत,
खडू आत्ताच फुगलेत, कणकेसारखे दबतात.
मी गमबूट धुतोय, काठ्यांवर उलटे टांगतोय.
अडतीस मापाच्या डाव्या बुटात कागद निघाला,
घडी ओली, अक्षर पोराचं.
ग्रेटाबाईंच्या वर्गातल्या कोणी
इथल्या माणसासाठी प्रश्न पाठवला होता,
द्यायचा राहून गेला असेल,
किंवा मुद्दामच ठेवला असेल.

सासूच्या नातीने वाचून दाखवला :
"तुम्हाला तिथे कंटाळा येतो का?"

कागद टोपीत ठेवलाय.
उत्तर लिहायचं तर आधी नीट बघायला हवं.
आवारातल्या झाडावर या वर्षी पाउकार आहेत.
कालपासून एकाने विणायला घेतलंय.